एस्पोझितो

एस्पोझितो : इटलीतील, विशेषतः नेपल्स शहर आणि भोवतालच्या कंपानिया प्रांतातील आडनाव. देशातील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत ते रोस्सी, रूस्सो, फेर्रारी यांच्या पंगतीला बसते. रोस्सी तांबूस केसांवरून आले, फेर्रारी लोहारकीवरून. एस्पोझितोत ना रूप, ना धंदा. लॅटिन ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. आईबाप अज्ञात असलेल्या, सोडून दिलेल्या मुलाच्या नावापुढे नोंदवहीत पडलेला हा शेराच पुढे त्याचे आडनाव झाला.

नेपल्समध्ये अशी मुले सांतिस्सिमा अनुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेकडे येत. तिच्या भिंतीत एका बाजूने उघडे, उभ्या आसावर फिरणारे लाकडी पिंप बसवलेले होते. रस्त्यावरून बाळ त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे आणि निघून जायचे. आतल्या दाईला ना चेहरा दिसे, ना नाव कळे. हे चक्र, म्हणजे ‘रुओता’, १८७५ मध्ये बंद झाले. शहरातले लोक या लेकरांना ‘मादोन्नाची मुले’ म्हणत. सरकारी शेऱ्यापेक्षा हे नाव कितीतरी मायेचे.

शहर बदलले की आडनावही बदले. रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती, निष्पाप. मिलानमध्ये कोलोंबो, कारण तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर. अर्थात प्रत्येक कोलोंबो बेवारस नव्हे : अमेरिकेला पोचलेला कोलंबस, म्हणजे क्रिस्तोफोरो कोलोंबो, जेनोआतल्या एका विणकराचा मुलगा होता.

फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती अनाथगृहाची इमारत ब्रुनेलेस्कीने आखली. ते १४४५ मध्ये सुरू झाले. तिथल्या संग्रहालयात बाळांसोबत आलेल्या खुणा जपल्या आहेत. त्यांत अर्धी कापलेली पदकेही आहेत. दुसरा अर्धा आईकडे राही, पुढेमागे मूल परत मागता यावे म्हणून.

जन्माची हकिगत चव्हाट्यावर आणणारी अशी आडनावे देणे एकोणिसाव्या शतकात कायद्याने थांबले. तोवर ती हजारो घरांत रुजली होती. १८८९ मध्ये राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केल्याचे श्रेय ज्याला देतात, तो नेपल्सचा राफाएले एस्पोझितोच. त्या कथेबद्दल मात्र इतिहासकारांना शंका आहे. कॅनडाचा आइस हॉकीपटू फिल एस्पोझितो आणि अमेरिकी अभिनेता जियानकार्लो एस्पोझितो यांच्यामुळे हे आडनाव अटलांटिकपार ओळखीचे झाले. इटलीत उच्चाराचा जोर ‘पो’वर असतो, अमेरिकेत ‘झी’वर. स्पॅनिशमध्ये त्याच अर्थाचे ‘एक्स्पोसितो’ आडनाव आजही चालते.