रेडिओ-नियंत्रित विद्युत हायड्रोप्लेन

रेडिओ-नियंत्रित विद्युत हायड्रोप्लेन ही पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करत वेगाने धावणारी प्रतिकृती नौका होय. तिला विद्युत मोटरद्वारे गती मिळते आणि काठावर उभा असलेला चालक रेडिओ संदेशांद्वारे तिचे नियंत्रण करतो. तयार भागांचा संच विकत न घेता आराखडा, लाकूड आणि सुटे यांत्रिक भाग यांपासून अशी नौका घडवणे हा प्रतिकृती-निर्मितीतील एक प्रगत छंद मानला जातो. या नौकेचे यश मोटरच्या शक्तीइतकेच बांधणीतील अचूकतेवर आणि जुळणीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

रेडिओ-नियंत्रित नौकेचे प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखवले होते. पूर्ण आकाराच्या शर्यतीच्या नौकांमध्ये 'तीन-बिंदू' हायड्रोप्लेनचा प्रसार अमेरिकेत १९३० च्या दशकात झाला. २६ जून १९५० रोजी सिॲटलजवळील लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शन ४' या नौकेने ताशी १६० मैलांहून अधिक (सुमारे २५८ किमी) वेगाचा विक्रम केला. तिची पिछाडी पाण्यावर न टेकता फिरत्या प्रोपेलरवर तोलली जात असे. आजच्या बहुतेक प्रतिकृती याच तत्त्वावर चालतात. उत्तर अमेरिकेत 'नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन' आणि 'इंटरनॅशनल मॉडेल पॉवर बोट असोसिएशन' या संस्था प्रतिकृती नौकांच्या शर्यतींचे नियम ठरवतात.

कार्यतत्त्व

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. त्यामुळे नौकेचा जितका कमी भाग पाण्यात राहील, तितका विरोध कमी होतो. स्थिर असताना हायड्रोप्लेन इतर नौकांप्रमाणेच तरंगते. वेग वाढताच पुढील बाजूस असलेले दोन तरंड, म्हणजे स्पॉन्सन, नौकेला वर उचलतात. पूर्ण वेगात दोन स्पॉन्सनच्या मागील कडा आणि अर्धवट बुडालेला प्रोपेलर एवढेच तीन बिंदू पाण्याला टेकतात.

दोन्ही स्पॉन्सनच्या मधल्या पोकळीत शिरणारी हवाही नौकेला उचलून धरते. मात्र हे उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. पुढचे टोक ठरावीक मर्यादेपलीकडे उचलले गेले, तर नौका हवेत उलटी फेकली जाते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन वॉटर येथे डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट हायड्रोप्लेन 'ब्लूबर्ड के ७' अशीच हवेत उलटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. प्रतिकृतीच्या जुळणीतही वेग आणि स्थैर्य यांचा समतोल हाच मुख्य प्रश्न असतो.

बांधणी

सांगाड्यासाठी सुमारे ३ मिमी जाडीचे हलके प्लायवूड आणि आवरणासाठी त्याहून पातळ प्लायवूड वापरले जाते. आराखडा सपाट फळीवर चिकटवून त्यावर आडव्या-उभ्या चौकटी काटकोनात उभ्या करतात. नंतर लाकडी पट्ट्या बसवून सांधे इपॉक्सीने पक्के केले जातात. या टप्प्यावर राहिलेला पीळ पुढे दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. असा पीळ असलेली नौका सरळ मार्गातही एका बाजूला ओढली जाते.

दोन्ही स्पॉन्सन परस्परांच्या आरशातील प्रतिमेप्रमाणे असणे आवश्यक असते. त्यांच्या तळाचा पाण्याशी होणारा कोन साधारणतः २ ते ४ अंश ठेवतात. तळाच्या कडा धारदार ठेवल्यास पाणी त्यांपासून स्वच्छ सुटते, तर गोलसर कडांना ते चिकटून विरोध वाढवते. वरचे आवरण बसवण्यापूर्वी आतील लाकडाला पातळ इपॉक्सीचा थर देतात, कारण नंतर तेथे हात पोहोचत नाही. नौका उलटली तरी बुडू नये म्हणून मोकळ्या कप्प्यांत फोम भरला जातो.

यांत्रिक व विद्युत जोडणी

मोटरची गती लवचिक पोलादी शाफ्टद्वारे प्रोपेलरपर्यंत पोहोचते. हा शाफ्ट पितळी नळीतून जातो आणि मागील बाजूस स्ट्रट नावाच्या आधारातून बाहेर पडतो. भाराखाली शाफ्ट पिळला जाऊन आखूड होतो, त्यामुळे स्ट्रट आणि प्रोपेलरच्या पुढील अडकण यांच्यात काही मिलिमीटर फट ठेवावी लागते. शाफ्टला नियमित वंगण देणे आवश्यक असते.

ब्रशविरहित मोटरचा केव्ही अंक प्रतिव्होल्ट भाररहित फेरे दर्शवतो. उदाहरणार्थ, २,००० केव्हीची मोटर चार घटांच्या १४.८ व्होल्ट लिथियम पॉलिमर बॅटरीवर मिनिटाला २९,६०० फेरे घेते. प्रोपेलरचा व्यास ४२ मिमी आणि पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिमी असल्यास सैद्धांतिक वेग ताशी सुमारे १०४ किमी येतो. भारामुळे फेरे कमी होतात आणि प्रोपेलर पाण्यात काही प्रमाणात घसरतो, म्हणून प्रत्यक्ष वेग याहून बराच कमी असतो.

मोटर आणि वेगनियंत्रक थंड ठेवण्यासाठी सुकाणूच्या पात्यातील छिद्रातून पाणी घेतले जाते. त्याचा निकास काठावरून दिसेल अशा ठिकाणी ठेवल्यास प्रवाह बंद पडल्याचे लगेच लक्षात येते. रिसीव्हरचा अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर आणि कार्बन तंतूच्या भागांपासून दूर ठेवतात.

जुळणी

गुरुत्वमध्य सामान्यतः स्पॉन्सनच्या मागील कडेच्या थोडा मागे ठेवतात. तो फार मागे गेल्यास पुढचे टोक उचलले जाते आणि फार पुढे आल्यास नौका पाण्यात रुतते. बॅटरी पुढे-मागे सरकवून तो बदलता येतो.

स्ट्रट प्रथम पाण्याच्या पातळीला समांतर ठेवतात. तो खाली घेतल्यास प्रोपेलर पिछाडी अधिक उचलतो, पुढचे टोक खाली येते आणि नौका सुरक्षित पण संथ होते. वर घेतल्यास उलट परिणाम होतो. प्रतिकृतींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होत असल्याने वळणाचे धातूचे पाते उजव्या स्पॉन्सनला बसवले जाते. हे पाते वळताना नौकेला बाहेर घसरू देत नाही.

एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवणे ही मान्य पद्धत आहे. पहिली धाव थोडा वेळच घेऊन मोटर, वेगनियंत्रक आणि बॅटरी यांचे तापमान तपासतात. हे भाग फार तापत असल्यास लहान प्रोपेलर लावणे हा पहिला उपाय असतो.

सुरक्षितता

फिरता प्रोपेलर बोटे कापू शकतो, म्हणून मोटरची चाचणी प्रोपेलर काढूनच घेतात. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी व्यवस्था आधीच तपासली जाते. अनेक प्रोपेलर बेरिलियम-तांब्याचे असतात. त्यांना धार लावताना उडणारी धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना गंभीर अपाय होऊ शकतो. त्यामुळे हे काम ओल्या पद्धतीने आणि योग्य मुखपट्टी लावून करणे आवश्यक असते. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भारित करत नाहीत आणि भारण करताना बॅटरीजवळून दूर जाणे टाळतात. पोहणारे लोक किंवा पक्षी असलेल्या पाण्यात नौका चालवत नाहीत. बंद पडलेली नौका आणण्यासाठी पोहत न जाता होडीचा किंवा दोरीचा वापर केला जातो.