वॉलरस-दंत कोरीवकाम

वॉलरस-दंत कोरीवकाम ही आर्क्टिक प्रदेशातील इनुइट, युपिक, चुकची आदी लोकसमूहांची पारंपरिक हस्तकला आहे. वॉलरस या समुद्री सस्तन प्राण्याच्या सुळ्यांपासून शिकारीची हत्यारे, घरगुती उपकरणे, ताईत, मुखवटे व लहान मूर्ती घडवणे आणि त्यांवर रेखाकृती कोरणे यांचा या कलेत समावेश होतो. अलास्काचा पश्चिम किनारा, बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेट, रशियातील चुकोत्का द्वीपकल्प, कॅनडाचा आर्क्टिक प्रदेश आणि ग्रीनलंड ही तिची प्रमुख क्षेत्रे होत.

कच्चा माल

वॉलरसचे सुळे हे वरच्या जबड्यातील वाढलेले दात असून ते नर व मादी दोघांनाही असतात. मोठ्या नराचे सुळे सुमारे १ मीटरपर्यंत लांब वाढू शकतात. सुळ्याच्या आडव्या छेदात बाहेरचे पातळ आवरण, त्याखालील गुळगुळीत पांढरा थर आणि मधला संगमरवरासारखा दाणेदार गाभा दिसतो. हस्तिदंताच्या छेदात दिसणाऱ्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा यात नसतात. दाणेदार गाभ्यावरून वॉलरस-दंत सहज ओळखता येतो.

या लोकसमूहांत वॉलरसची शिकार प्रामुख्याने अन्नासाठी होते. मांस व चरबी आहारात, तर कातडे नावा मढवण्यासाठी आणि दोर करण्यासाठी वापरले जाई. सुळे हा त्याच शिकारीचा एक भाग होय. झाडे जवळजवळ नसलेल्या या प्रदेशात टणक, चिवट आणि बारीक कोरता येण्याजोगा हा पदार्थ विशेष मोलाचा ठरला. जमिनीत शेकडो वर्षे पुरले गेलेले सुळे खनिजांमुळे पिवळट ते गडद तपकिरी होतात. असे जुने दंतही कोरीवकामासाठी वापरले जातात.

इतिहास

बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ओकविक व प्राचीन बेरिंग समुद्र या संस्कृती उदयास आल्या. त्यांच्या हार्पूनच्या टोकांवर आणि हार्पूनच्या दांड्याला तोल देणाऱ्या पंखाकृती वस्तूंवर वर्तुळे व वाहत्या रेषांची दाट नक्षी आढळते. चुकोत्कातील एकवेन व उएलेन येथील दफनभूमींतही अशा वस्तू मिळाल्या आहेत. अलास्कातील पॉइंट होप येथे हेल्गे लार्सन व फ्रोलिक रेनी यांनी १९३९ साली सुरू केलेल्या उत्खननात इपिउताक संस्कृतीचे दंती मुखवटे आणि अखंड दंतातून कोरलेल्या साखळ्या सापडल्या.

पूर्वेकडे, कॅनडा व ग्रीनलंडमध्ये, डॉर्सेट संस्कृतीच्या लोकांनी अस्वल, पक्षी व मनुष्य यांच्या अगदी लहान आकृती घडवल्या. काही अस्वलांच्या अंगावर हाडांचा सांगाडा रेषांनी दाखवलेला असतो. हे लोक गिरमिट वापरत नसत. त्यांच्या वस्तूंवरील भोके खरवडून पाडलेली असल्याने लांबट दिसतात. इ.स. १००० नंतर अलास्कातून पूर्वेकडे पसरलेले थुले लोक हे आजच्या इनुइटांचे पूर्वज मानले जातात.

साधने व पद्धत

सुळा दगडी, पुढे धातूच्या, हत्याराने चिरून त्याचे तुकडे करत. भोक पाडण्यासाठी सुताराच्या सामत्याप्रमाणे दोरीच्या कमानीने फिरवायचे गिरमिट असे. त्याचा वरचा ठोकळा कारागीर दातांत धरत असल्याने एक हात कामाची वस्तू धरायला मोकळा राही. कोरलेल्या रेषांत काजळी भरून त्या उठावदार केल्या जात. पश्चिम अलास्कातील गिरमिटाच्या दंती कमानींवर शिकार, नावा, वसाहती व नृत्य यांची ओळीने कोरलेली दृश्ये आढळतात. विसाव्या शतकात करवत, कानस आणि विजेवर चालणारी यंत्रे प्रचारात आली.

व्यापार व बदल

एकोणिसाव्या शतकात व्हेलची शिकार करणारी जहाजे बेरिंग समुद्रात येऊ लागली व बाहेरच्या ग्राहकांसाठी वस्तू बनू लागल्या. सोन्याच्या शोधामुळे नोम शहरात लोकांची गर्दी झाल्यावर ही मागणी वाढली. नोम येथील अंगोक्वाझूक ऊर्फ ‘हॅपी जॅक’ हा कारागीर सुळ्यांवरील अत्यंत बारीक रेखांकनासाठी प्रसिद्ध झाला; १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत त्याचा मृत्यू झाला. पत्त्यांच्या क्रिबेज खेळातील गुण मोजण्याच्या पाट्या ही या काळातील लोकप्रिय वस्तू होती. अलास्काची खूण मानली जाणारी ‘बिलिकेन’ ही हसरी मूर्ती मात्र मूळची तेथील नाही. कॅन्सस सिटी येथील फ्लॉरेन्स प्रेट्झ यांनी १९०८ मध्ये तिच्या रचनेचे पेटंट घेतले होते.

चुकोत्कातील उएलेन गावी १९३१ साली कोरीवकामाची कार्यशाळा सुरू झाली. तेथे संपूर्ण सुळ्यावर शिकारीचे प्रसंग व लोककथा कोरून त्यांत रंग भरण्याची शैली विकसित झाली. वेरा एमकुल ही तेथील नामवंत कलाकार होय. पूर्व ग्रीनलंडमध्ये शत्रूवर सोडण्यासाठी हाडे, कातडे इत्यादींपासून गुप्तपणे तयार केला जाणारा ‘तुपिलाक’ परक्यांना दाखवण्यासाठी कोरला जाऊ लागला आणि पुढे विक्रीची वस्तू बनला. कॅनडात १९४९ नंतर संगजिऱ्याच्या मऊ दगडातील मोठ्या शिल्पांना बाजारपेठ मिळाली व दंतकाम तुलनेने मागे पडले.

इतरत्र वापर

ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतींतून वॉलरस-दंत मध्ययुगीन युरोपात जात असे. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर उजेडात आलेली बाराव्या शतकातील बुद्धिबळाची मोहरी बहुतांशी याच दंताची आहेत. इराण व भारतात हा दंत ‘माही दंदान’, म्हणजे माशाचा दात, या नावाने परिचित होता व त्याच्या खंजिरांच्या मुठी बनत. मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात अशा मुठीचे कौतुक केले आहे.

कायदे व सद्यस्थिती

अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने वॉलरसच्या शिकारीवर सर्वसाधारण बंदी घातली. मात्र अलास्कातील मूलनिवासींना उपजीविकेसाठी शिकार करण्याची व कोरलेल्या वस्तू विकण्याची मुभा ठेवली. हत्तींच्या रक्षणासाठी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आदी राज्यांनी केलेल्या दंतविक्रीबंदीत वॉलरस-दंतही समाविष्ट झाला. त्यामुळे केंद्रीय कायद्याने वैध असलेली वस्तू त्या राज्यांत विकता येत नाही, आणि इतरत्रही ग्राहक खरेदीस कचरतात, असा कारागिरांचा आक्षेप आहे. रोख उत्पन्नाची साधने मोजकीच असलेल्या गावांत ही घट थेट कुटुंबांच्या चरितार्थावर परिणाम करते.

जुन्या दंताच्या मागणीमुळे पुरातत्त्वीय स्थळांचीही हानी झाली आहे. सेंट लॉरेन्स बेटावरील गॅम्बेल येथील स्थळांचा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा खोदकामामुळे झालेल्या नुकसानीनंतर १९८९ मध्ये काढून घेण्यात आला. दुसरीकडे, ही जमीन तेथील रहिवाशांच्या मालकीची असून खोदकाम हे त्यांच्या उत्पन्नाचे साधन आहे.

हवामान बदलामुळे समुद्रातील बर्फ घटत असून वॉलरसची शिकार अनिश्चित झाली आहे. २०१३ साली गॅम्बेल व साव्हूंगा येथे शिकार अत्यल्प झाल्याने अलास्का राज्याने आर्थिक आपत्ती जाहीर केली होती. शिकार घटल्यास अन्नाबरोबरच कोरीवकामाचा कच्चा मालही कमी होतो. त्यामुळे या कलेचे भवितव्य बर्फाच्या स्थितीशी जोडलेले आहे.