गाडीचं सस्पेन्शन अपग्रेड: घरी करायचं की गॅरेजला द्यायचं? ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी आधी हे वाचा

घोडबंदर रोड असो नाहीतर कल्याण-शीळ रस्ता, पावसाळा सरत आला की गाडीतून नवनवीन आवाज यायला लागतात. खड्ड्यात चाक गेलं की "खट्", स्पीडब्रेकरवरून उतरताना "धप्".

त्यात ठिकठिकाणी मेट्रोची कामं सुरू. पत्र्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक, म्हणजे चाकांची रोजचीच परीक्षा.

मग मोबाईलवर एखादा व्हिडिओ दिसतो. ऑनलाइन शॉकअप मागवायचे, जॅक लावायचा, दोन नट खोलायचे आणि झालं! गॅरेजची मजुरी वाचली.

खरंच इतकं सोपं असतं का? काही कामं खरोखरच सोपी असतात. काही मात्र जिवावर बेतू शकतात. यातला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरेसा आहे: या कामात दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागणार आहे का?

आधी बघा, बिघाड नेमका कुठे आहे?

आवाज आला म्हणजे शॉकअपच गेले, असं नसतं.

छोट्या खड्ड्यांवर "टक टक" आवाज येत असेल, तर बऱ्याचदा लिंक रॉड किंवा बुश झिजलेले असतात. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर टायरमधली हवा आणि अलाइनमेंट आधी तपासा. हवा किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

शॉकअप खरंच संपले असतील, तर खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावे खाते, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं आणि टायर मध्ये मध्ये खोलगट झिजतो.

लिंक रॉड खराब असताना महागडे शॉकअप घातले, तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो!

पुढची चाकं गॅरेजलाच का द्यावीत?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आत आणि त्याभोवती स्प्रिंग. ही स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि वरच्या मधल्या नटाने अडवून ठेवलेली असते.

स्प्रिंग कम्प्रेसरने नीट न आवळता तो नट सोडला, तर अख्खा जोर क्षणात मोकळा होतो. वरची प्लेट उडून तोंडावर बसली, तर जीवही जाऊ शकतो. हलक्या प्रतीचा कम्प्रेसर निसटला, तरी तोच धोका.

शिवाय स्ट्रट काढला की चाकाचा कोन बदलतो. अलाइनमेंटसाठी गाडी शेवटी मशीनवर न्यावीच लागते. ते टाळलं, तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजून जातात.

म्हणून पुढचे स्ट्रट, खालचा आर्म, बॉल जॉइंट आणि दाबून बसवायचे बुश ही कामं गॅरेजचीच.

घरी काय करता येईल?

हातात थोडी सवय असेल, तर लिंक रॉड बदलता येतो. फक्त पुढची दोन्ही चाकं सारख्या उंचीवर उचललेली हवीत, नाहीतर आडव्या बारवर ताण राहतो आणि बोल्ट बाहेर येत नाही.

स्विफ्टसारख्या काही गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे मागचा शॉकअप बदलणं तुलनेने सोपं आहे. पण तो काढण्याआधी अॅक्सलखाली दुसरा जॅक हवाच. नाहीतर अॅक्सल खाली लोंबतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. काही मॉडेल्समध्ये मागेही स्प्रिंग शॉकअपवरच असते. तसं असेल, तर वरचाच नियम लागू.

पार्किंग कसं आहे, तेही बघा!

गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. सपाट, पक्की जमीन आणि दोन मजबूत स्टँड हवेतच. उतार असलेलं पोडियम, पेव्हर ब्लॉकचं अंगण किंवा मेकॅनिकल पार्किंग या कामासाठी नाही.

आपल्या दमट हवेत जुने बोल्ट गंजून घट्ट बसतात. रविवारी दुपारी बोल्ट तुटला, तर सोमवारी ऑफिसला जायला गाडी नाही!

खर्चही नीट मोजा. स्टँड, टॉर्क रेंच आणि चांगले पाने यांची किंमत अधिक अलाइनमेंटचे पैसे, हे सगळं गॅरेजच्या मजुरीसमोर मांडा. ही अवजारं पुन्हा वापरणार असाल, तरच घरचं काम परवडतं.

सीएनजीची गाडी मागून बसते, मग?

डिकीतलं सिलिंडर म्हणजे कायमचं वजन. मागची बाजू खाली बसली की अनेक जण स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवतात. ते बसवायला सोपे असतात आणि गाडीही थोडी उचलली जाते. पण अडकलेला वेढा नीट दबत नाही, उरलेल्या वेढ्यांवर भार वाढतो आणि गाडी कडक होते. स्प्रिंगच थकली असेल, तर जोडीने नवीन स्प्रिंग घालणं हा खरा उपाय.

गॅरेजवाल्याला हे विचारा

- शॉकअप जोडीने बदलणार ना? एकच बदलला, तर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.
- वरचं माउंट, बेअरिंग आणि रबरी बंपरही तपासणार ना?
- रबरी बुशचे बोल्ट शेवटी गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळणार ना? हवेत आवळले, तर रबर पिळून लवकर फाटतं.
- अलाइनमेंटचा प्रिंट आणि जुने पार्ट परत मिळतील ना?

काम झाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा, आणि तीसुद्धा रोजच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून.

कायदा काय सांगतो?

कंपनीच्या मापाचे शॉकअप घालणं ही दुरुस्ती झाली. गाडी उंच करणं किंवा जमिनीलगत बसवणं हे वेगळं प्रकरण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालतं. २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक फेरबदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे असा विचार असेल, तर आधी ठाणे किंवा कल्याण आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीलाही कळवा.

थोडक्यात काय, तर दाबलेली स्प्रिंग, चाकाचा कोन किंवा गाडीची उंची यांपैकी कशालाही हात लागणार असेल, तर गॅरेज गाठा. बाकीची कामं पक्की जमीन, योग्य अवजारं आणि हाताशी वेळ असेल, तर घरी करायला हरकत नाही.