जंगलाचा जीर्णोद्धार

वेरूळला शाळेची सहल गेली की बहुतेक वेळ कैलास लेण्यातच जातो. तो जावा हेही बरोबरच आहे. मात्र सहल नेणाऱ्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. एकोणतिसाव्या लेण्यापाशी पावसाळ्यात येळगंगेचे पाणी कड्यावरून खाली उडी घेते. तिथे मुलांना दहा मिनिटे बसवावे आणि विचारावे, की हा डोंगर उघडा झाला तर हे पाणी किती दिवस वाहील? लेण्यांची राखण सरकार करते. डोंगराची कोण करते?

वेरूळला जीर्णोद्धार हा शब्द नवा नाही. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला आणि पुढे अठराव्या शतकात होळकरांनी केला. शिवालय तीर्थाचे दगडी कुंडही अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेले आहे. देऊळ पडले तर दगडावर दगड पुन्हा रचता येतो. त्याला एक दानशूर माणूस आणि चांगले पाथरवट पुरतात. पण जंगल मोडले तर? ते पुन्हा उभे करायला कोण लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण वेरूळसारख्याच काळ्या बेसाल्ट खडकात खोदलेल्या दुसऱ्या एका लेणीसमूहाकडे जाऊ. तो आज मुंबईच्या हद्दीत, एका राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. त्याचे नाव कान्हेरी.

पाण्यामुळे वाचलेले रान

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तिथे भिक्षूंचा वावर होता. येथील शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांतील दात्यांची नावे आढळतात. दान म्हणून त्यांनी लेणी दिली, तशाच ‘पोढी’, म्हणजे पाण्याच्या टाक्याही दिल्या. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी टाके आहे आणि कातळावर पडणारे पावसाचे पाणी त्यात आणणारे पन्हळ आहेत. डोंगर म्हणजे पाण्याचा साठा, ही जाणीव इथे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरली गेली.

हीच जाणीव इंग्रजी अमदानीत वेगळ्या कारणाने जागी झाली. मुंबईची वस्ती वाढली, विहिरी पुरेनात. १८५६ साली मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी मिळाले. १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. तलावात घाण येऊ नये म्हणून पाणलोटात वस्ती वाढू दिली नाही. जंगल राखावे असा हेतू त्यामागे नव्हता. राखायचे होते ते पाणी. पण पाण्याच्या आडोशाने रान वाचले. आज मुंबईच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा फार थोडा आहे. त्यांनी वाचवलेले रान मात्र टिकून आहे.

स्वातंत्र्यानंतर या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याची हद्द टप्प्याटप्प्याने वाढली. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याचा काही भाग मुंबईत, काही ठाणे जिल्ह्यात येतो. हजारावर जातींच्या वनस्पती, अडीचशेवर जातींचे पक्षी आणि आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी इथे आहे. २०१६ नंतर ती २०२४ साली फुलली. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत राष्ट्रीय उद्यान असल्याचे दुसरे ठळक उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील नैरोबी. तिथे १९४६ साली उद्यान झाले.

भिंतीचा काळ

१९७० नंतर मुंबई उत्तरेकडे सरकली. बोरिवली, मालाड, मुलुंड, ठाणे अशा चारी अंगांनी घरे डोंगराला भिडली. ज्यांना शहरात भाड्याची खोली परवडत नव्हती, त्यांनी उद्यानाच्या हद्दीत झोपड्या बांधल्या. १९९५ साली मुंबईतील एका पर्यावरण संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. १९९७ च्या मे महिन्यात न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आणि हद्दीला भिंत घालण्याचा आदेश दिला. १९९५ च्या मतदार यादीत ज्यांची नावे होती, त्यांनी सात हजार रुपये भरल्यास त्यांना दुसरीकडे घर मिळणार होते. बाकीच्यांना काहीच नव्हते. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पुढे दहा हजारांहून अधिक कुटुंबांना चांदिवलीला इमारतींत घरे मिळाली, पण त्याला वर्षे लागली.

या आदेशाने जंगलाचा मोठा भाग वाचला, हे मान्य करावे लागेल. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. शहराची भांडी घासणारी, बांधकामावर राबणारी माणसे बेघर झाली. उद्यानातील पाड्यांवर राहणारे वारली आणि इतर आदिवासीही अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत आले. उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे तिथे होती. कारवीच्या काठ्यांचा कूड घालून घर उभारणारी आणि वाघोबाला पुजणारी ही माणसे जंगलाची शत्रू, आणि डोंगराच्या कडेला मनोरे बांधणारे शेजारी! हा न्याय कसला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

योगायोग असा, की त्याच १९९५ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहरात राष्ट्रीय नागरी उद्यानाचा कायदा झाला. तिथेही उद्यानाच्या जमिनीवर रस्ते आणि इमारती येऊ घातल्या होत्या. अनेक नागरिक-संघटना एकत्र आल्या आणि त्यांच्या आग्रहातून कायदा घडला. अर्थात तिथल्या उद्यानाच्या दारात आसरा शोधणारी हजारो कुटुंबे नव्हती. तरीही फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. तिथे शेजारी कायद्याच्या आधी आले. आपल्याकडे कायदा आधी आला, आणि शेजारी यायला पंधरा वर्षे लागली.

बिबट्याने शिकवलेला धडा

शेजाऱ्यांना आणले ते बिबट्याने. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत वीसहून अधिक माणसे दगावली. पिंजरे लावून बिबटे पकडण्याचा सपाटा सुरू झाला. पण पकडून दुसरीकडे सोडलेले बिबटे प्रश्न सोडवत नाहीत, उलट वाढवतात, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जुन्नर भागातील अभ्यासातून दिसत होते. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर भांबावते. त्याने सोडलेली रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो.

भिंतीचे काय? २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. हे आजोबा महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि वसईची खाडी ओलांडून, सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून थेट या उद्यानात आले. माणसाने नकाशावर काढलेली रेघ बिबट्याला दिसत नाही.

२०११ साली वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. तेव्हा सुनील लिमये उद्यानाचे संचालक होते. स्वयंसेवकांनी आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे जंगलात लावले. ठिपक्यांच्या रचनेवरून बिबटे मोजण्यात आले. २०१५ च्या गणनेत उद्यान आणि आसपासच्या परिसरात ३५ बिबटे दिसले. विष्ठेच्या तपासणीतून त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे कळले. मग कारणांची साखळी उलगडली: उघडा कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, आणि त्याच वाटेवर अंधारात उघड्यावर शौचाला बसलेले मूल. म्हणजे उपाय पिंजऱ्यात नव्हता. तो कचराकुंडीत, दिव्याच्या खांबात आणि संडासात होता. ही गोष्ट शाळा, गृहनिर्माण संस्था, पोलीस ठाणी आणि वार्ताहर यांच्यापर्यंत नेण्यात आली. पाड्यांवरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होती तेच शहर आता शास्त्राच्या भाषेत ऐकू लागले, की बिबट्या दिसला म्हणजे तो हल्ला करणारच असे नाही.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. २०२२ साली आरेमध्ये एका चिमुरडीचा बिबट्याने बळी घेतला. त्याच आरेमध्ये २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडे तोडली गेली आणि विरोध करणाऱ्या नागरिकांना अटक झाली. २०२० साली आरेची सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. आरेच्या पाड्यांवरची माणसे आणि शहरातली तरुण मुले त्या वेळी एका बाजूला उभी होती, ही गोष्ट १९९७ साली शक्य झाली नसती.

पुन्हा वेरूळ

जंगलाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ झाडे लावणे नव्हे. अजिंठा-वेरूळच्या परिसरासाठी जपानी कर्जातून १९९० च्या दशकात हाती घेतलेल्या प्रकल्पात वनीकरण होतेच. पण रोप लावणारा निघून गेल्यावर शेळीपासून, वणव्यापासून आणि प्लॅस्टिकपासून ते सांभाळायचे कोणी, तर जवळ राहणाऱ्याने. त्याला जंगलाचा शत्रू मानले तर ते रोप तो का सांभाळील?

म्हणून पुढच्या सहलीत मुलांना थोडे काम द्यावे. येळगंगेच्या काठी शंभर पावलांत कोणकोणता कचरा सापडतो, त्याची नोंद त्यांनी करावी. डोंगरावरची झाडे आपोआप उगवलेली किती, लावलेली किती, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावे, की तिच्या लहानपणी हा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा. तिचे उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. या डोंगराचा जीर्णोद्धार कधीकाळी सुरू झालाच, तर कामाचा पहिला कागद तोच असेल.