मुंबई परिसरातील एकदिवसीय सहली

मुंबई परिसरातील एकदिवसीय सहली : सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, अशा अंतरावरच्या स्थळांचे दर्शन. यांतली बरीच स्थळे या शहराहून जुनी आहेत. मुंबई उभी राहण्याच्या कितीतरी शतके आधी सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नांदती होती. या सहलींत पाहण्यासारखे आहे ते मुख्यतः त्या बंदरपट्ट्याचे वैभव.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आढळतात. पुष्कळ लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहून परततात, पण खरा थक्क करणारा भाग आहे पाण्याचा. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी लेण्यांपुढच्या टाक्यांत उतरते. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. ही योजना चालताना पाहायची, तर पावसाळ्यातच जावे.

लेण्यांसाठी प्रसिद्ध घारापुरी बेट रायगड जिल्ह्यात असले, तरी लाँच सुटते गेटवे ऑफ इंडियाहून. प्रवास सुमारे तासाभराचा. सहाव्या शतकातील मुख्य लेणे तीन बाजूंनी उघडे आहे. उजेड तिरपा आत येतो आणि सदाशिवाची तीन मुखे हळूहळू दिसू लागतात. मधला तत्पुरुष शांत, आपल्या डावीकडचा अघोर उग्र, उजवीकडचा वामदेव कोमल. येथे घाई करू नये. बेटावरच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बेटावर समुद्राखालच्या तारेने वीज मात्र २०१८ मध्ये पोहोचली. कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला लोकलने गाठता येतो. नेरळहून १९०७ पासूनची छोटी गाडी माथेरानला चढते.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे. तेथे ओहोटीला पायी जाता येते. वेळ काढण्याचा कोकणी हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास. पाणी वळण्याआधी किनाऱ्यावर परतावे.