उज्जयिनीहून पत्रादेवीपर्यंत

उज्जैन शहरातील माधव नगर, ज्याला तेथील जनता फ्रीगंज म्हणून ओळखते, हे माधवराव शिंदे यांचे नाव मिरवीत आहे. शिंद्यांच्या या नगरीचा आणि गोमंतकीय देवस्थानांचा ऋणानुबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याच मंगेशभक्त सरदाराच्या शब्दावरून १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम दिला.

पुढे २१६ वर्षांनी उज्जैनचा एक पुत्र गोमंतकाच्या सीमेवर आला, तो निःशस्त्र. राजाभाऊ महाकाल हे त्याचे नाव. १५ ऑगस्ट १९५५ रोजी, स्वतंत्र भारताचा ध्वज हाती घेऊन सीमा ओलांडताना पोर्तुगीजांच्या गोळीने त्यांना मृत्यू आला. त्या एका दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले.

स्वतंत्र देशाच्या नागरिकाने कायदेभंग का करावा? डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत बजावले होते की, सनदशीर मार्ग खुले असता सत्याग्रहाचा अवलंब म्हणजे अराजकास निमंत्रण होय. जेथे तसे मार्गच नव्हते, तेथे तो समर्थनीय होता. ही कसोटी गोमंतकास लावून पाहावी. सभेस परवानगी हवी, छपाईस सेन्सॉर हवा. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी ही बंदी मोडली, तेव्हा केवळ जाहीर बोलणे हाच कायदेभंग ठरला होता. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये एका भोजनसमारंभात, गोवा म्हणजे पोर्तुगाल असे वक्त्याने म्हणताच निषेधाचा उच्चार केला. तेवढ्यावरून अटक होऊन त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली! (देवस्थानांच्या कारभारावरही १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांची वेसण होती, हे महाजनांस सांगणे नलगे.)

नवल असे की, ऑगस्टमधील रक्तपातानंतर खुद्द भारत सरकारनेच सप्टेंबर १९५५ मध्ये सामुदायिक सत्याग्रहास बंदी केली. हा निर्णय अनेकांस कटू वाटला, आणि तो वाटण्याजोगाच होता. परंतु तेथे त्याविरुद्ध लिहिता येत होते, संसदेत सरकारला जाब विचारता येत होता. पत्रादेवीच्या एका बाजूस हे सारे होते आणि दुसऱ्या बाजूस त्यातील काहीच नव्हते. बंदीनंतर भारताच्या बाजूने येणारे सामुदायिक जथे थांबले, हे म्हणूनच भ्याडपणाचे लक्षण मानता येत नाही.

गोमंतक मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, सैन्याच्या बळावर. यावरून सत्याग्रह वाया गेला असे म्हणणारे आढळतात. त्यांना आग्वादचे बंदी ठाऊक नसावेत. नानासाहेब गोरे, मधु लिमये, त्रिदिब चौधुरी यांनी प्रदीर्घ शिक्षा उघडपणे पत्करल्या आणि १९५७ साली ते सुटले, तोवर गोव्याचा प्रश्न देशभर पोहोचला होता.