यंत्र सर्वांचे, मग धडा कोणाचा?

मंडळी, समजा कोणी तुमच्या गावाला तेलावर चालणारे इंजिन फुकट दिले. खोलून पाहा, दुरुस्त करा, वाटल्यास तसेच दुसरे बनवून शेजारच्या गावाला द्या, अशी मोकळीकही दिली. पण ते चालू कसे करायचे हे सांगणारा माणूस काही दिला नाही. मग ते इंजिन विहिरीच्या काठी गंजत पडेल, दुसरे काय होणार?

संगणकाच्या बाबतीत अशी वेळ खरोखरच आली होती. संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, सर्वांना वाचता, सुधारता आणि वाटता आले पाहिजे, असा आग्रह धरून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्यात ‘लिनक्स’ची भर घातली. इंजिन तयार झाले. शिकवायचे कोणी?

१९९२ साली मॅट वेल्श, लार्स वीर्झेनियस आणि मायकेल जॉन्सन यांनी ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ सुरू केला. पगार नाही, कचेरी नाही. ज्याला जे उमगले ते त्याने लिहावे, एवढाच शिरस्ता. त्यातून ‘हाउटू’ नावाची टिपणे निघाली. एका टिपणात एकच काम: प्रिंटर कसा जोडावा, दोन संगणक एकमेकांना कसे जोडावेत. स्वतः रात्र जागून काढलेल्या माणसाने दुसऱ्याची रात्र वाचावी म्हणून लिहिलेली ही टिपणे. पण सॉफ्टवेअर पुढे जाते नि टिपण मागे राहते. त्यांतली पुष्कळशी पुढे जुनी झाली, आणि जुना धडा हा धडा नसण्यापेक्षा वाईट. शिकणारा म्हणतो, माझेच काहीतरी चुकत असेल!

आज्ञावलीपेक्षाही चांगल्या मुक्त पुस्तकांची उणीव मोठी आहे, असे स्टॉलमन यांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे मला पटते. यंत्र बदलायची मुभा आणि पुस्तक बदलायची मनाई असेल, तर यंत्र सुधारणाऱ्याने खोटे पुस्तक वाटायचे काय? म्हणून पुस्तकांसाठी वेगळा मुक्त परवाना २००० साली काढण्यात आला.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. पुस्तके इंग्रजीत, आणि तालुक्याच्या गावी विचारायला जाणकार नाही. पवईच्या आय. आय. टी.त प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या पैशातून ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प उभा राहिला, तो याच अडचणीवर. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि आवाज समजावून सांगतो. विद्यार्थ्याने निम्म्या पडद्यावर धडा लावायचा, निम्म्यावर सॉफ्टवेअर उघडायचे. थोडे पाहायचे, थांबवायचे, स्वतः करायचे, मग पुढे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत फक्त आवाज बदलतो, पडदा इंग्रजीच राहतो. पुढे नोकरीत त्याच पडद्याशी गाठ पडायची असते ना! इंटरनेट नसेल तेथे हेच धडे तबकडीवर भरून देता येतात.

धडा तयार कसा होतो, ते गुरुजींनी मुद्दाम पाहावे. आधी संहिता लिहितात, दोन रकान्यांत: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचे. मराठीत बोलणाऱ्याला मूळ वाक्याच्या वेळेतच आपले वाक्य बसवावे लागते, नाहीतर बोलणे एकीकडे आणि बाण दुसरीकडे. पण त्याही आधी ती संहिता त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाच्या हाती जाते. तज्ज्ञाच्या नव्हे, नवख्याच्या! आम्हा शिक्षकांना हे जरा जड जाते. चाळीस मुलांना एकदा सांगितले आणि कोणी हात वर केला नाही, की सगळे समजले असे आम्ही धरून चालतो. येथे तसे चालत नाही. त्या माणसाने संहिता वाचत एकेक पायरी स्वतः करून पाहायची. ‘येथे दाबा’ म्हणजे नक्की कोठे, असे त्याने विचारले, की लिहिणाऱ्याने लेखणी पुन्हा हातात घ्यायची.